पटायात शॉपिंग: कुठे उतरायचं आणि कुठे बसमध्येच बसून राहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की डोंबिवलीचं चौघांचं कुटुंब, नवरा-बायको, कॉलेजातली मुलगी आणि आठवीतला मुलगा, पहिल्यांदाच ग्रुप टूरने बँकॉक-पटाया करतंय, त्यात पटायात दोन रात्री आहेत, शॉपिंगसाठी पंचवीस हजार रुपये वेगळे काढलेत आणि त्या घरातल्या ताई मला विचारतायत की काय घ्यावं, कुठून घ्यावं, घासाघीस किती करावी, आणि जेम्स म्हणजे रत्नं, लेदर, सोनं तिकडे स्वस्त मिळतं हे खरं का.

मी बरीच वर्षं टूर मॅनेजर म्हणून ग्रुप घेऊन जातोय, पुणे-मुंबई-नाशिकची माणसं जास्त, त्यामुळे कोण काय घेतं आणि परतीच्या विमानात कोण काय म्हणून हळहळतं हे दोन्ही बघितलंय. आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. पटायात तुम्हाला जिथे कुणीतरी *नेऊन सोडतं* तिथे वस्तू महाग असते, आणि जिथे तुम्ही स्वतःच्या पायाने जाता तिथे बऱ्यापैकी रास्त असते. कारण उघड आहे हो, नेऊन सोडणाऱ्याचा हिस्सा तुमच्याच बिलातून जातो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बसमधल्या माईकवरून कुणी सांगत नाही. टूर स्वस्तात विकलेली असते, मग लोकल गाईड आणि बसवाला आपला खर्च ज्या दोन-तीन थांब्यांवर भरून काढतात ते म्हणजे जेम्सचं शोरूम, लेदरचं शोरूम, कधी मधाचं दुकान, कधी लेटेक्सच्या गाद्या-उश्यांचं. त्या थांब्यांवर जायला हरकत नाही, एसी असतो, टॉयलेट स्वच्छ असतात, चहा-सरबत फुकट मिळतं. फक्त पाकीट बसमध्ये ठेवून जा असं मी आमच्या काकूंना दरवेळी हसत हसत सांगतो.

जेम्सचं तेवढं नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. आत गेल्यावर आधी खाणीतून दगड कसा काढतात, कसा कापतात ते दाखवतात, मग कारागीर खरंच बसून काम करत असतात ते दिसतं, आणि मग अचानक आपण एका भल्यामोठ्या हॉलमध्ये येतो जिथून बाहेरचा दरवाजा पटकन सापडत नाही. कपड्यावर ग्रुपचं स्टिकर लावलेलं असतं, त्यावरून कुठल्या गाईडची माणसं ते कळतं. हिंदी बोलणारा माणूस शेजारी येतो, "भाभीजी सिर्फ देखो", आणि चाळीस हजार बाथचं (बाथ म्हणजे थायलंडचं चलन) पेंडंट दहा मिनिटांत अठरा हजारांवर येतं. आता जी वस्तू दहा मिनिटांत निम्म्याहून खाली येते तिची खरी किंमत काय ते तुम्हीच ठरवा. थायलंडमध्ये माणिक-नीलमचा धंदा खरा आहे, चांथाबुरी हे त्याचं जुनं केंद्र, पटायापासून काही फार लांब नाही, जगभरातून कच्चा माल तिथे येतो. पण माणकावर उष्णतेची प्रक्रिया करणं तिथे सर्रास चालतं आणि ते धंद्यात मान्यही आहे, खरा घोळ असतो तो काच भरलेल्या माणकांचा, दिसायला टपोरी लाल, किमतीला काहीच नाही, आणि साध्या डोळ्यांना तुम्हाला-मला फरक दिसत नाही. जीआयटी म्हणजे तिथली सरकारी जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट, तिचं सर्टिफिकेट असेल तर गोष्ट वेगळी, पण दोन रात्रींच्या टूरमध्ये कोण ते बघत बसणार? आणि हो, रस्त्यावर एखादा टुकटुकवाला किंवा सुटाबुटातला सज्जन "आज सरकारी सेल आहे, शेवटचा दिवस" म्हणाला तर सरळ चालू पडा, हा प्रकार बँकॉकमध्ये जास्त पण पटायातही होतो.

सोन्याचं असं आहे की थाय सोनं ९६.५ टक्के शुद्ध असतं, म्हणजे आपल्या २२ कॅरेटपेक्षा सरस, लाल रंगाच्या दुकानांत वजनावर विकतात, आणि त्यांचं वजनाचं मापही बाथच, दागिन्याचा एक बाथ म्हणजे १५.१६ ग्रॅम. दुकानाबाहेर दिवसाचा भाव लावलेला असतो, मजुरी थोडीशी, फसवाफसवी कमी. पण भारतात परत येताना चार-पाच दिवस फिरून आलेल्या माणसाला सोन्यावर वेगळी सूट नाही, ती वर्षभराहून जास्त बाहेर राहिलेल्यांना असते, त्यामुळे ड्युटी धरली की फायदा उरत नाही आणि नाही धरली तर मुंबई एअरपोर्टवर घाम फुटतो. नको त्या फंदात पडू.

मग घ्यायचं काय, ते आता.

पंचवीस हजार म्हणजे साधारण नऊ हजार बाथ धरा, दर वरखाली होतो म्हणून मी लोकांना सांगतो की बाथच्या भावाला मनात तिनाने गुणा, थोडं जास्तच येईल पण हात आखडता राहील. पैसे नेताना रुपये नेऊन तिथे बदलू नका, भाव फार वाईट मिळतो, इथूनच शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा घ्या, लहान नोटांना आणि चुरगळलेल्या नोटांना दर कमी देतात. पटायात बीच रोडला, सेकंड रोडला जागोजागी बूथ आहेत, पिवळ्या रंगाचे टीटीचे बूथ प्रसिद्ध आहेत, पासपोर्ट लागतो. बँकॉक एअरपोर्टला उतरल्या उतरल्या बॅगेच्या पट्ट्याजवळ सगळे पैसे बदलू नका, तिथला दर सगळ्यात वाईट. एटीएममधून काढलेत तर दरवेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त चार्ज त्यांची बँकच लावते, तुमच्या बँकेचा वेगळा. आणि कार्ड मशीनवर "रुपयांत घेऊ का बाथमध्ये" असं विचारलं तर बाथच म्हणायचं, रुपये म्हटलंत की ते त्यांच्या दराने कापतात.

पहिल्या संध्याकाळी काहीही विकत घेऊ नका, फक्त भाव बघून घ्या. कसं करायचं सांगतो. पटायाचा बीच रोड आणि त्याला समांतर सेकंड रोड, दोन्ही वन-वे, बीच रोडने गाड्या दक्षिणेला म्हणजे वॉकिंग स्ट्रीट या बार-क्लबच्या रस्त्याकडे जातात आणि सेकंड रोडने उत्तरेला परत. त्यावर निळ्या रंगाच्या पिकअपसारख्या शेअर गाड्या फिरत असतात, सोंगथेव म्हणतात, मागे दोन बाकडी, चढायचं, उतरायचं असेल तिथे बेल दाबायची आणि उतरून ड्रायव्हरच्या हातात माणशी दहा-वीस बाथ ठेवायचे. चढण्याआधी भाव विचारू नका, विचारलात की तो स्पेशल गाडी समजून दोनशे-तीनशे सांगतो. उभी असलेली रिकामी गाडीही घेऊ नका, चालती पकडायची. एवढं एक जमलं की अख्खं पटाया तुमचं, बसवाल्याची गरज नाही.

उत्तरेला डॉल्फिनच्या चौकाजवळ टर्मिनल २१ मॉल आहे, २०१८ मध्ये सुरू झाला, बाहेर खरं वाटेल असं विमान उभं केलंय आणि आत प्रत्येक मजला एकेका शहराचा, पॅरिस, लंडन, टोकियो वगैरे, मुलं फोटो काढण्यात रमतात. बीच रोडच्या मधोमध सेंट्रल पटाया आहे, समुद्राकडे तोंड करून, जरा महागडा. मॉलमध्ये घ्यायचं असं नाही, पण इथे पाटीवर भाव लिहिलेला असतो, त्यामुळे हत्तीची चित्रं छापलेल्या सैल पँटीचा, टी-शर्टचा, बॅगेचा वरचा भाव काय असू शकतो ते कळतं. टर्मिनल २१ च्या वरच्या मजल्यावर पिअर २१ नावाचं फूड कोर्ट आहे, तिथे थाय जेवण अगदी स्वस्त, शाकाहारी काउंटर शोधायचा असेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं दिसणारं चिन्ह बघा, त्याचा अर्थ मांस-मासे-अंडं काही नाही, कांदा-लसूणही नाही, आमच्या जैन मंडळींचं त्यावरच निभतं.

खाऊ, बाम, साबण, तेल हे सगळं बिग सी किंवा लोटस या सुपरमार्केटमधूनच घ्यायचं, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. बिग सी सेंट्रल पटाया रोडला आहे, कुठल्याही सोंगथेववाल्याला नाव माहीत असतं. तिथे वाळवलेला आंबा, नारळाचे कुरकुरीत काप, फणसाचे आणि दुरियन या उग्र वासाच्या फळाचे चिप्स, चिंचेच्या गोळ्या, समुद्री शेवाळाचे पापड, सगळं रॅकवर भावासकट. हेच सगळं फ्लोटिंग मार्केटला किंवा एअरपोर्टला मला दीडपट-दुप्पट दिसलंय. शाकाहारी असाल तर पाकिटामागे "श्रिंप" किंवा "फिश सॉस" लिहिलंय का ते वाचा, साध्या वाटणाऱ्या दाण्यांच्या पाकिटातही सुकट निघते, आणि इन्स्टंट नूडल्स तर जवळजवळ सगळेच मांसाहारी. ताजा दुरियन घेऊ नका, हॉटेलवाले दारातच अडवतात, बाहेर तशा पाट्याच लावलेल्या असतात आणि दंडही आहे. सुपरमार्केटमध्ये जाताना कापडी पिशवी न्या, २०२० च्या जानेवारीपासून तिकडच्या मोठ्या दुकानांनी प्लॅस्टिक पिशव्या देणं बंद केलंय.

नातेवाईकांना वाटायला सगळ्यात बेस्ट वस्तू कुठली असं मला विचाराल तर यादोम. म्हणजे नाकाला लावायची ती छोटी इनहेलरची नळी, थाय माणूस दिवसभर ती हुंगत असतो, रिक्षावाल्यापासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांच्या खिशात, पोय-सियान ब्रँड सगळीकडे मिळतो, आणि हिरव्या छोट्या डबीत जडीबुटी भरलेली हाँग थायची पण छान असते. एक नग वीस-तीस बाथच्या आसपास, सहाचं पाकीट घेतलं की अजून स्वस्त, वजन काही नाही, फुटत नाही, सांडत नाही, ऑफिसमधल्या वीस जणांचं एका मुठीत होतं. दुसरं म्हणजे कुठल्याही सेव्हन-इलेव्हनमध्ये जा, तिथे क्रीमचे, सनस्क्रीनचे, फेसमास्कचे छोटे सॅशे लटकवलेले असतात, चाळीस-साठ बाथवाले, तुमच्या मुलीला मैत्रिणींसाठी हेच आवडेल, मोठ्या बाटल्या घेऊन वजन वाढवण्यापेक्षा. फक्त रस्त्यावरची गोरं करणारी क्रीम घेऊ नका, बिननोंदणीच्या क्रीममध्ये पारा सापडल्याची प्रकरणं थायलंडमध्ये होत असतात, डब्यावर त्यांच्या अन्न-औषध खात्याचा नंबर असलेला छोटा चौकटीतला छाप असतो तो बघून घ्यायचा, आणि शक्यतो बूट्स किंवा वॉटसन्स या औषध-कॉस्मेटिकच्या दुकानांतून घ्या.

घरी कुणाचे गुडघे-पाठ दुखत असतील तर लूक प्रकोप आणा. हे म्हणजे कापडात बांधलेला जडीबुटीचा गोळा, आत हळद, गवती चहा, कापूर, मकरूट लिंबाची साल आणि आंबेहळदीच्या जवळची एक मुळी, थाय मसाजमध्ये वाफवून शेकायला वापरतात. सुकवलेला, प्लॅस्टिकात सीलबंद मिळतो. घरी पाण्यात थोडा भिजवायचा, मोदकपात्रात दहा-पंधरा मिनिटं वाफवायचा आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघून मग दुखऱ्या जागी, फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार वेळा चालतो. डायबिटीसने पाय बधिर झालेले असतील त्यांना मात्र नको, चटका बसलेला कळत नाही.

आता नाईट मार्केट. तुमच्या दोन रात्रींपैकी एक जरी शुक्रवार, शनिवार, रविवार यातली असेल तर थेप्रासित मार्केट सोडू नका, मुख्य बाजार तेव्हाच असतो. थेप्रासित रोडला, सुखुमवित हायवे आणि जोमतिएन बीचच्या मधे, दुपारी चार-पाचला सुरू होतं आणि रात्री साडेदहापर्यंत. सहाला पोचा, आठनंतर पाय ठेवायला जागा नसते. अर्धा बाजार खाण्याचा, अर्धा कपडे, चपला, घड्याळं, खेळणी, मोबाइल कव्हर, फळांच्या आकाराचे साबण, साबणात कोरलेली फुलं. इथे टुरिस्टांइतकेच स्थानिक लोक येतात म्हणून भाव मुळातच बरे असतात.

घासाघिशीबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे की सांगितलेल्या भावाच्या पाव भागापासून सुरुवात करायची. बीच रोडच्या फुटपाथवर, जिथे पाटी नाही, तिथे ठीक आहे, तिथे अडीचशे-तीनशेची हत्तीवाली पँट शंभर-सव्वाशेला येते. थेप्रासितला जिथे १०० किंवा १२० ची पाटी लावलीय तिथे पाव भाव बोललात तर बाई हसेल आणि तुमच्याकडे पाठ फिरवेल. तिथे नगावर सूट मिळते, एकाची किंमत जवळपास फिक्स, तीन घेतले तर काय, सहा घेतले तर काय, असं विचारायचं.

आमच्या ग्रुपमधल्या नाशिकच्या एक काकू या कामात पटाईत होत्या, त्यांचं बघितलेलं सांगतो. एक शब्द इंग्रजी नाही. विक्रेतीने कॅल्क्युलेटरवर १५० दाबून त्यांच्यासमोर धरला. काकूंनी पँटीची शिवण उलटी करून बघितली, इलॅस्टिक ताणून बघितलं, नाडी ओढून बघितली, मग चार बोटं दाखवली आणि कॅल्क्युलेटर हातात घेऊन ४०० दाबलं. ती "नो नो मॅडम" म्हणून ५२०. काकू हसल्या, अजून एक पँट गठ्ठ्यावर ठेवली, पाच, आणि ५०० दाबलं. विक्रेतीने एक सेकंद आकड्याकडे बघितलं आणि पिशवी उघडली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी "अरे बापरे इतना महंगा" केलं नाही. थाय माणसासमोर चिडलात, वस्तू आपटलीत, की सौदा तिथेच संपला असं समजा, मग दुप्पट पैसे दिलेत तरी नको म्हणेल. आणि एकदा तुमच्या आकड्याला ती हो म्हणाली की घ्यायचंच, त्यानंतर "बघून येतो" हे फार अपमानाचं समजतात. भाव विचारायचा तर "थाउ राय", कमी करा म्हणायचं तर "लोत दाय माय", एवढं पुरतं, बाकी कॅल्क्युलेटर बोलतो.

भवानीचा हिशोब तिकडेही आहे बरं का. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक त्यांना परत पाठवायचं नसतं, पहिली नोट मिळाली की ती बाकीच्या मालावर टपटप फिरवतात, बरकत यावी म्हणून. त्यामुळे बाजार उघडताना, टेबलं मांडत असताना गेलात तर भाव पटकन तुटतो. नोटांवर राजाचा फोटो असतो, त्यामुळे नोट फेकणं, पायाखाली दाबणं असलं काही चुकूनही करू नका, तिथे कायदाही कडक आहे आणि लोकांना मनापासून लागतंही.

कपड्यांचे साइज लहान असतात हे मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडचा एल म्हणजे तिकडचा एक्सएल नाहीतर डबल एक्सएल, "फ्री साइज" लिहिलेलं आपल्या बहुतेक बायकांना छातीत घट्ट होतं, आणि नाईट मार्केटमध्ये बदलून वगैरे काही मिळत नाही. हत्तीची पँट ही एकच वस्तू सगळ्यांना बसते, पहिल्या धुण्याला रंग जातो म्हणून वेगळी धुवा.

फ्लोटिंग मार्केट टूरमध्ये असेलच, सुखुमवित रोडवर, लाकडी पुलांवर दुकानं, पाण्यात होड्यांवर खाणं. परदेशी माणसाला आत जायला तिकीट असतं, म्हणजे शॉपिंग करायला पैसे देऊन आत जायचं. बघण्यासारखं आहे, फोटो छान येतात, मँगो स्टिकी राईस खा आणि या. कोरल आयलंडवर तर पाण्याची बाटलीसुद्धा महाग, तिथे शिंपले-कोरलच्या माळा विकतात त्या घेऊ नका, प्रवाळ नेण्याला तिकडेही बंदी आणि इकडेही प्रश्न विचारतात. वॉकिंग स्ट्रीटला खरेदी अशी काही नाही, फिरायला जाताय तर जा. मोबाइलचं सामान हवं असेल मुलाला तर साउथ पटाया रोडला टुकॉम आहे, कव्हर-केबल ठीक, मोबाइल किंवा कॅमेरा मात्र भारतातल्या भावाशी आणि वॉरंटीशी ताडून बघितल्याशिवाय घेऊ नका, बहुतेक वेळा काही वाचत नाही. ड्रोन तर नकोच, त्याच्या आयातीवर भारतात २०२२ पासून बंदी आहे.

रेशीम घ्यायचं असेल तर एक खूण सांगतो, थाय सरकारचा मोराचा शिक्का असतो, सोनेरी, चंदेरी, निळा आणि हिरवा असे चार प्रकार, सोनेरी म्हणजे पारंपरिक पद्धतीने हाताने केलेलं देशी रेशीम, हिरव्यात दुसरे धागे मिसळलेले चालतात. फुटपाथवर दोनशे बाथला जो "सिल्क" स्कार्फ मिळतो तो पॉलिस्टर आहे, दिसायला छान आहे, पॉलिस्टर समजून घ्या. पैठणी नेसणाऱ्या बायकांना हे मी सांगायची गरज नाही, हात लावला की त्यांना कळतं.

सूट शिवायचा असेल भाऊंना, तर पटायात गल्लोगल्ली टेलर आहेत, बरेच पंजाबी नाहीतर नेपाळी वंशाचे, हिंदी फर्डं बोलतात, चोवीस तासांत सूट म्हणतात. होतो, पण बरा होत नाही. पहिल्या संध्याकाळी माप, दुसऱ्या दिवशी दुपारी कच्च्या शिलाईची ट्रायल, रात्री दुसरी ट्रायल, एवढं तो कबूल करत असेल तरच द्या, निम्म्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स देऊ नका आणि कापड कश्मिरी लोकर आहे वगैरेवर विश्वास ठेवून भाव वाढवू नका. मला विचाराल तर दोन रात्रींत नका करू.

ब्रँडच्या नकली बॅगा-घड्याळं सगळीकडे लटकलेली दिसतील. विकणं तिकडे बेकायदा आहे, तरी विकतात, तुम्ही ठरवा. झिप महिन्यात जाते एवढं मला माहीत आहे. नाराया नावाचा कापडी बॅगांचा थाय ब्रँड आहे, बो लावलेल्या पर्स वगैरे, स्वस्त, धुता येतात, ते त्यापेक्षा लाख पटीने बरं.

बुद्धमूर्तीबद्दल वेगळं सांगतो कारण आमच्या ग्रुपमध्ये विहारासाठी मूर्ती आणायची इच्छा असणारे बरेच असतात. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या फाइन आर्ट्स डिपार्टमेंटची परवानगी लागते, नवी असली तरी. गळ्यात घालायचं छोटं लॉकेट चालतं. मोठी मूर्ती घ्यायची असेल तर बँकॉकमधले विक्रेते फोटोसकट अर्ज करून कागद करून देतात पण त्याला दिवस लागतात, तेव्हा टूर निघण्याच्या आधीपासून बोलणी करावी लागतात, पटायाच्या बाजारातून उचलून बॅगेत घातली असं होत नाही. आणि नुसतं बुद्धाचं डोकं शोपीस म्हणून किंवा टी-शर्टवर, हे तिथल्या लोकांना आवडत नाही, तशा मोठमोठ्या पाट्या लावलेल्या असतात.

व्हेप, ई-सिगारेट मुलांना दाखवूही नका, थायलंडमध्ये विक्री बेकायदा आहे तरी रस्त्यावर टेबलं लावलेली दिसतात, भारतात २०१९ पासून बंदी. गांजाचं अजून गंभीर. तिकडे २०२२ मध्ये मोकळा केला, २०२५ मध्ये परत बंधनं आणली, पण दुकानं दिसतात, बिस्किटं, गोळ्या, तेल सगळ्यात घालून विकतात, हिरव्या पानाचं चित्र असलेलं काहीही खाऊ म्हणून घेऊ नका. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबई एअरपोर्टवरून सतत येतात, आणि आपला कायदा "मला माहीत नव्हतं" ऐकून घेत नाही. म्हणूनच, परतीच्या लाइनमध्ये कुणी गोड बोलून "दादा माझं वजन जास्त होतंय, एवढी एक बॅग तुमच्या नावावर टाका ना" म्हणालं तर सख्खा गाववाला असला तरी नाही म्हणायचं.

टॅक्स रिफंडचं खूप लोक विचारतात. तिकडे व्हॅट ७ टक्के, "व्हॅट रिफंड फॉर टुरिस्ट" पाटी असलेल्या दुकानात एका दिवसात २००० बाथच्या वर खरेदी केली की पासपोर्ट दाखवून त्याच दिवशी फॉर्म करून घ्यायचा, म्हणजे चौघांची खरेदी एकाच पासपोर्टवर केलेली बरी. एकूण खरेदी २०,००० बाथच्या पुढे गेली तर चेक-इन करण्याआधी एअरपोर्टवर कस्टम्सचा शिक्का लागतो. हातात पूर्ण सात टक्के येत नाहीत, कापाकापी होऊन कमीच येतात. तुमच्या नऊ हजारांच्या बजेटमध्ये बिग सीची एकच मोठी खरेदी पात्र होईल, शे-दीडशे बाथसाठी एअरपोर्टला लाइनमध्ये उभं राहायचं का ते बघा, मी तर तेवढ्या वेळात कॉफी पितो.

भारतात ड्युटी-फ्री सामानाची मर्यादा २०१६ च्या नियमांत माणशी ५०,००० रुपये होती, ती बदलत असते म्हणून निघण्याआधी कस्टम्सच्या साइटवर आजचा आकडा बघून घ्या, तुम्हाला तशीही अडचण नाही. दारू माणशी दोन लिटर. ताजी फळं, ऑर्किडची रोपं, बिया आणू नका, त्याला वेगळा कागद लागतो. वजनाचं मात्र बघा, स्वस्तातल्या टूरला बहुतेक १५ किंवा २० किलोच असतं, आणि बाम-तेलाच्या १०० मिलीच्या वरच्या बाटल्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत. छोटा लटकवायचा वजनकाटा घरूनच घेऊन जा, हॉटेलमध्ये शेवटच्या रात्री त्यावरून भांडणं होतात पण एअरपोर्टवर होण्यापेक्षा बरी.

पटायाहून बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टला बसने दीड-दोन तास लागतात, टूरवाले लवकरच नेऊन सोडतात. तिथे बाथ उरले असतील तर वरच्या मजल्यावर बदलू नका, सगळ्यात खालच्या मजल्यावर ट्रेनच्या स्टेशनजवळ बूथ आहेत, तिथला दर बराच चांगला असतो. नाणी कुणीच बदलून घेत नाही. ती घेऊन पहिल्या मजल्यावर कोपऱ्यातल्या मॅजिक फूड पॉइंटला जा, एअरपोर्टचा स्टाफ तिथेच जेवतो, काउंटरवर पैसे देऊन कूपन घ्यायचं, उरलं तर परत मिळतं, आणि हे सगळं चेक-इनच्या आधी करायचं कारण एकदा इमिग्रेशन पार केलंत की परत खाली येता येत नाही आणि आतमध्ये तेच जेवण तिप्पट भावाने खावं लागतं.